भाषा कोणी बदलायची?

धारणीच्या आठवडी बाजारात थोडा वेळ उभं राहिलं तर एक गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल. आसपासच्या गावातून आलेली कोरकू बाई पोत्यावर मोहफुलं, चारोळी, नाहीतर थोडी तूर मांडून बसलेली असते. शेजारच्या लेकीशी ती कोरकूत बोलते. माल तोलून घेणाऱ्याशी त्या भागातल्या हिंदीत बोलते. बऱ्हाणपूर आणि खंडवा इथून जवळ, त्यामुळे या हिंदीत निमाडी पुष्कळ मिसळलेली. बाजार उरकून एसटीत चढली की वाहकाशी मराठी. एवढ्या वेळात तिने तीन भाषा वापरल्या आणि त्यांतल्या दोन तिच्या भाषेच्या कुळातल्याही नाहीत. माल घेणाऱ्याला, वाहकाला, पुढे पंचायत समितीत भेटणाऱ्या कारकुनाला मात्र आपली भाषा बदलावी लागत नाही. त्याचं काही अडत नाही. मेळघाटात सगळी नोकरी काढली तरी अडत नाही. कोरकूच्या भवितव्याची जी चर्चा होते, तिच्यात हे ‘न अडणं’ मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भाषा टिकण्याचा विचार आपण नेहमी ती बोलणाऱ्यांच्या बाजूने करतो: ते ती सोडतायत का, मुलांना शिकवतायत का, त्यांना तिची लाज वाटते का. समोर उभ्या असलेल्या, न बोलणाऱ्या माणसाकडून भाषेचं काय होतं, हे विचारायचं राहून जातं.

कोरकूला सर्रास ‘बोली’ म्हटलं जातं, आणि ऐकणाऱ्याला ती वऱ्हाडीसारखी मराठीचीच एखादी रानातली शाखा वाटते. तसं अजिबात नाही. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. तिच्या सख्ख्या बहिणी, संथाली, मुंडारी, हो, पार झारखंड-ओडिशाकडे आहेत. चुलत नातलग मेघालयातली खासी, कंबोडियातली ख्मेर आणि व्हिएतनामी. या साऱ्या ऑस्ट्रो-आशियाई कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं घर म्हणजे सातपुड्याचा हा पट्टा: अमरावतीतले धारणी आणि चिखलदरा, खाली अकोल्याकडचा डोंगराचा पायथा, पलीकडे मध्य प्रदेशातले बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर, हरदा, छिंदवाडा. कोरकूत चारला ‘उफून’ म्हणतात आणि ख्मेरमध्ये ‘बुओन’. हजारो मैलांचं आणि हजारो वर्षांचं अंतर पार करून हा आकडा दोन्हीकडे ओळखू येतो. या भाषेचं व्याकरण इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. जॉन ड्रेक या मिशनऱ्याचं ते पुस्तक १९०३ साली कलकत्त्यात छापलं गेलं. पुढे नॉर्मन झाइड यांनी तिच्या ध्वनिरचनेवर काम केलं, आणि के. एस. नागराज यांचं व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असलेलं पुस्तक १९९९ साली टोकियोहून निघालं. कलकत्ता आणि टोकियो इथे जी भाषा म्हणून पूर्ण मानाने उभी राहिली, तिला परतवाड्यापर्यंत येता येता बोली व्हावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

तिची घडण जरा जवळून पाहावी अशी आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचं की धरून, हे आपल्याला क्रियापदापर्यंत पोचायच्या आधीच ठरवावं लागतं. हिंदीत ही सोय नाही. कोरकूत ती आहे, आणि शिवाय द्विवचन आहे. म्हणजे ‘मी आणि तू’ असे दोघं असलो तर ‘आलाङ’, मी आणि तिसरा कुणी असे दोघं असलो तर ‘आलिञ’. अनेक असून तुम्हीही त्यात असाल तर ‘आबुङ’, नसाल तर ‘आले’. जिथे हिंदी एका ‘हम’वर भागवते आणि मराठी दोहोंवर, तिथे कोरकू मूल चार नाती वेगवेगळी ठेवायला शिकतं, तेही पाच वर्षांचं व्हायच्या आत, कुणी न शिकवता. नामांची विभागणीही वेगळी. आपल्याकडे भिंत ती, खांब तो, दार ते. याला कसलंही कारण देता येत नाही, पाठ करावं लागतं. कोरकूत मुख्य भेद सजीव आणि निर्जीव यांतला. आता हे मूल पहिलीच्या वर्गात येतं आणि ‘माझी दप्तर’, ‘मोठा भिंत’ असं काहीतरी म्हणतं. त्याच्या डोक्यात व्याकरण नाही असं नव्हे. एक पक्कं, सुसंगत व्याकरण आहे आणि दुसरं अजून बसायचं आहे. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर तो थांबून समजावतो. ठाऊक नसेल तर वर्ग हसतो, आणि पोरगं बोलायचं बंद होतं. मग शेऱ्यात येतं: मूल लाजाळू आहे, घरचं वातावरण नाही.

भाषेचं असं रेखीव रूप टिकतं ते तिला रोजचं, जबाबदारीचं काम असतं म्हणून. कोरकू गावाची रचना पाहिली तरी हे जाणवतं. मधून रुंद रस्ता, दोन्ही अंगांनी समोरासमोर घरांच्या ओळी, बांबूच्या तट्ट्यांवर माती-शेणाचं लिंपण, अंगण झाडून स्वच्छ. एका ओसरीवर बोललेलं समोरच्या ओसरीवर ऐकू जातं. गावचा पटेल तंटा सोडवायचा तो कोरकूत. भुमका मुठवा देवाची पूजा बांधायचा, पडियार दुखण्याचं कारण सांगायचा, ते कोरकूत. वाघ म्हणजे कुला, आणि त्याला नुसतं कुला न म्हणता ‘कुलामामा’ म्हणायचं. ज्याच्यासोबत एकाच रानात राहायचं त्याच्याशी नातं जोडून ठेवायचं, तेही मामाचं, म्हणजे ज्याच्याकडून भाच्याने अभयाची अपेक्षा धरावी असं. लाल वारुळाच्या मातीतून महादेवाने मुला आणि मुलई ही पहिली जोडी घडवली, तीही रावणाच्या विनंतीवरून, अशी यांची उत्पत्तिकथा. उर्वरित महाराष्ट्र दसऱ्याला ज्याला जाळतो त्याचं इथे देणं मानतात, आणि होळीच्या दिवसांत मेघनाथाचा खांब उभा राहतो. माणूस गेल्यावर ‘सिडोली’चा विधी. तो लगेच होत नाही; घरात चार पैसे आणि धान्य जमेल तेव्हा, कधी अनेक वर्षांनी, अनेक मृतांचा मिळून होतो. सागाच्या लाकडाचा ‘मुंडा’ कोरतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला स्वार. सुताराने छिन्नीने उठवलेल्या त्या स्वाराला चेहरा नसतो म्हणावं इतका तो साधा असतो, पण घोडा मात्र चालताना दिसतो. त्या दिवशी मृताला पूर्वजांत सोपवायचं ते ज्या शब्दांत, ते शब्द मराठीत नाहीत आणि हिंदीतही नाहीत. जन्म, सोयरीक, न्याय, दुखणं, मरण: एवढी सगळी कामं जिच्या अंगावर आहेत ती भाषा कुणी आग्रह न धरताही टिकते.

इथे कुणी म्हणेल, की हे एका बंद जगाचं चित्र झालं, आणि बंद जग उघडलं की असं व्हायचंच. पण कोरकू जग बंद कधीच नव्हतं. गवळी, गोंड, बलई, निहाल, व्यापारी, यांच्या शेजारानेच ते राहिलं. दिवाळीनंतरच्या घुंगरू बाजारात थाट्यांचा नाच असतो, तो गुरं राखणाऱ्या गोंडांचा, पाहायला सगळे. कोरकूने हिंदी-मराठीतून शब्द मनमुराद घेतलेत. कुळांची नावंसुद्धा मराठी वळणाने फिरली: भिलावेकर, जामूनकर, कासदेकर, बेठेकर, सावलकर. बिब्ब्याचं झाड नि जांभळाचं झाड शेवटी ‘कर’ लावून कचेरीत हजर झालं. एवढ्या देवघेवीने कोरकूचं बिघडलं नाही. उलट एक काळ असा होता की तीच देणारी होती. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारे थोडे लोक आहेत. त्यांच्या भाषेचं नातं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नक्की जुळत नाही; कायपर या डच विद्वानाने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या निहालीत कोरकू शब्दांचा भरणा फार मोठा आहे, आणि मेळघाटातल्या निहालांनी तर कोरकूच आपली केली. म्हणजे बाजारातल्या त्या बाईच्या जागी इथे निहाल होता आणि ज्याचं अडत नव्हतं तो कोरकू होता. ही गोष्ट कोरकूच्या कैवाऱ्यांना गैरसोयीची वाटू शकते. मला ती नेमकी वाटते. भाषा झुकते ती तिच्या अंगच्या दुबळेपणाने नव्हे. जमीन, मजुरी आणि निवाडा ज्याच्या हाती असतो, त्याच्या भाषेकडे ती झुकते.

कोरकूच्या हातून हे कसं गेलं याचा इतिहास लांबलचक आहे. दोन-तीन टप्पे सांगितले तरी पुरे. इंग्रजी अमलात जंगल राखीव झालं आणि कोणतं झाड तोडायचं, गुरं कुठे चरायची, डोंगरउतारावर कुठे पेरायचं, हे ठरवणारा शब्द भुमका-पटेलांकडून वनखात्याकडे गेला. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मेळघाट मराठीच्या बाजूला आणि खंडवा-बैतूल हिंदीच्या बाजूला पडले. एकाच भाषेची मुलं दोन वेगवेगळ्या राजभाषांत शाळा शिकू लागली, आणि दोन्ही राज्यांत ती थोडकी ठरली. मग १९७४ साली व्याघ्रप्रकल्प आला. वाघ वाचायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि मेळघाटात तो वाचला तो या प्रकल्पामुळेही. पण या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली, नंतर अमोना, नागरतास, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. त्यांतली बरीच खाली अकोल्याच्या अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवली गेली. मोबदल्याचे, जमिनीचे, पाण्याचे तंटे झाले. काही लोक पुन्हा रानात परतले आणि जानेवारी २०१९मध्ये वनकर्मचाऱ्यांशी मोठी चकमकही झाली. या सगळ्याच्या बातम्या आल्या. भाषेची बातमी आली नाही. रानात ज्या झाडाला, नाल्याला, पायवाटेला, कंदाला नाव होतं, ते समोरच नसेल तर नाव घ्यायचं कशाला? काळ्या रानात कपाशी आणि सोयाबीनची मजुरी करायची, मुकादमाशी वऱ्हाडीत बोलायचं. घरातली कोरकू घरात राहते, पण तिची कामं एकेक करून कमी होतात.

यावर सर्वांत सरळ आक्षेप आकड्यांचा. २००१च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सुमारे पावणेसहा लाख होते, २०११मध्ये सव्वासात लाखांवर गेले. मग काळजी कशाची? वाढ खरी आहे आणि आनंदाची आहे. आपली भाषा कोरकू असं गणनेच्या माणसाला सांगायला लोक कचरत नाहीत, हेही त्यात आलं. पण जनगणना भाषा कुणाची ते विचारते. कुठल्या कामाला वापरता, हे विचारत नाही. चुलीपाशी बोलली जाणारी आणि दवाखान्यात, शाळेत, तहसीलमध्ये गप्प बसणारी भाषा लाखोंच्या संख्येने असू शकते, एका पिढीपुरती तरी. तिच्या पुढच्या पिढीत काय होतं ते निहालांकडे पाहून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो अनेकदा कोरकू आईबापांकडूनच येतो. पोराला कोरकू घरी येतेच. शाळेत मराठी द्या, जमलं तर इंग्रजी द्या, आम्हाला जंगलात का बांधून ठेवता? या प्रश्नातलं दुखणं खरं आहे. होळी झाली की घराला कुलूप लावून वीटभट्टीवर, कुठे कापणीला बाहेर पडायचं, हे ज्याने भोगलं त्याला मुलाने कारकून व्हावं असं वाटणारच. पण मागणी बरोबर असली तरी तिच्यापाठचं गृहीत चुकतं. कोरकू आणि मराठी यांतली एकच घ्यायची, असं कुणी ठरवलं? पहिली-दुसरीत गोष्ट, गणित, परिसर कोरकूतून समजला आणि मराठी दुसरी भाषा म्हणून नीट, तिच्या लिंगभेदासकट शिकवली, तर मराठी अधिक पक्की होते. ज्याला एक व्याकरण आपलं आहे हे उमगतं, त्याला दुसरं परकं वाटत नाही. राज्यघटनेत कलम ३५०-क हे १९५६ पासून आहे, शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. दोन्हींत प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची भूमिका आहे. द्विभाषिक पुस्तिका, शब्दसूच्या निघाल्याही. पुस्तिका कपाटात राहतात, कारण त्या वाचून दाखवणाऱ्याला कोरकू यावी लागते, आणि ती येण्यावर त्याची नेमणूक, बढती, पगार यांपैकी काहीच अवलंबून नसतं. पुन्हा तेच: त्याचं अडत नाही. लिपीचं कारण पुढे केलं जातं, त्यात फार दम नाही. संथालीला रघुनाथ मुर्मूंनी १९२५मध्ये ओल चिकी दिली आणि २००३च्या घटनादुरुस्तीने संथाली आठव्या अनुसूचीत गेली, हे थोर काम आहे. पण कोरकूची देवनागरी चालू आहे, आणि तिच्यातला स्वरांचा खालचा सूर दाखवायला एखादी खूण वाढवली की भागतं. देवनागरीने याआधी अनेक भाषांसाठी अशा खुणा वाढवून घेतल्या आहेत.

तिसरा आक्षेप प्रथांचा, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मेळघाट म्हटलं की मराठी वाचकाला १९९३चं कुपोषण आठवतं, आणि ‘डंबा’ आठवतो: पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने दिलेले चटके. हे तुमचं सुंदर जग, असं म्हणून कुणी बोट दाखवलं तर मान खाली घालून ऐकावं लागेल. डंबा थांबलाच पाहिजे. पण तो थांबवायचा कसा? तापाने फणफणलेलं मूल घेऊन बसलेल्या आजीशी आधी बोलावं लागतं. ती भुमकाकडे जाते, कारण भुमका तिला विचारतो: कधीपासून, काय खाल्लं, रडतं कसं, रात्री दचकतं का. तो हे तिच्या भाषेत विचारतो आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला दोन प्रश्न मराठीत विचारले जातात, एक ‘हो’ आणि एक गप्प राहणं नोंदवून कागद पुढे सरकतो. गावातली आशाताई मध्ये उभी राहून दुभाषीपण करते. ते तिच्या कामात कुठे लिहिलेलं नाही. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ या संस्थेने जे वर्षानुवर्षं उभं केलं, त्याचं मोल या संदर्भात औषधांपलीकडचं आहे: डॉक्टर इथे राहिला तर लोक त्याच्याशी बोलू लागतात. वाईट प्रथेविरुद्धचा युक्तिवाद ज्या भाषेत मांडताच येत नाही, त्या भाषेत ती प्रथाच तेवढी उरते. कोरकू वाचवणं म्हणजे कोरकूतलं सगळं जसंच्या तसं वाचवणं नव्हे. त्या समाजाने स्वतःशी वाद घालायचं साधन त्याच्या हाती राहू देणं आहे.

आणि या बाबतीत आपण मराठी माणसांनी, त्यातही अमरावतीकरांनी, अनभिज्ञ असल्याचं दाखवू नये. याच जिल्ह्यात, गाविलगडाच्या डोंगराखालच्या सपाटीवर मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे चक्रधरांच्या लीळा जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधर मूळचे गुजरातचे, भडोचकडचे. संस्कृत जाणणाऱ्या पंडितांचा पंथ असूनही धर्म सांगायचा तो इथल्या साध्या माणसांना, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत, हा आग्रह त्या परंपरेने धरला. त्यासाठी वाकायचं होतं ते शहाण्याने; म्हातारीने संस्कृत शिकून यावं अशी अट नव्हती. त्या आग्रहावर मराठी गद्य उभं राहिलं. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे आणि २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. या दोन्हींचा मला मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच असं वाटतं, की जिल्ह्याच्या या टोकाला जो न्याय मराठीने आपल्यासाठी मागितला, तो त्या टोकाला कोरकूने मागितला तर मराठीला त्रयस्थासारखं पाहता येणार नाही. त्या विद्यापीठात कोरकू शिकवली जावी आणि धारणीला जाणारा शिक्षक, वनपाल, तलाठी, डॉक्टर तिथे थोडे महिने काढून जावा, यात विचित्र असं काय आहे?

अनुसूचित क्षेत्र म्हणून धारणी आणि चिखलदऱ्यात पेसा कायदा लागू आहे, आणि २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळवलेली गावंही आहेत. मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीरसारख्या गावाने उजाड माळावर पुन्हा जंगल उभं केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. म्हणजे जो शब्द दीडशे वर्षांपूर्वी काढून घेतला गेला होता, त्यातला थोडा कायद्याने परत आला आहे: कुठे चरायचं, काय तोडायचं, बांबू कुणाला विकायचा, हे पुन्हा ग्रामसभा ठरवू शकते. त्या सभेत लोक भांडतात, समजावतात, आठवणी काढतात ते कोरकूत. इतिवृत्ताच्या वहीत मात्र मराठीच्या चार ओळी उतरतात, त्याही ग्रामसेवकाला जेवढं उमगलं तेवढ्याच. दोन तासांच्या वादातलं कोणाचं म्हणणं पडलं, कोणत्या नाल्याचं नाव निघालं, म्हाताऱ्या पडियाराने काय आठवण दिली, यातलं काहीच कागदावर येत नाही. आणि पुढे तंटा झाला तर कचेरीत पुरावा म्हणून त्या चार ओळीच उभ्या राहतात. धारणी तालुक्यात दहावी-बारावी झालेली कोरकू मुलंमुली आता गावोगाव आहेत. देवनागरी त्यांना येते, कोरकू त्यांची आहेच. इतिवृत्त दोन्ही भाषांत लिहायचं असं एखाद्या ग्रामसभेने ठरवलं, तर लिहिणारे हात त्याच गावात मिळतील. अडचण त्यापुढची आहे. ती वही तहसीलच्या टेबलावर उघडली गेल्यावर तिचं कोरकू पान वाचणारं कुणी तिथे बसलेलं असेल का?